नी पॅड घ्यायचा तर कोणता? फरशी, शेती आणि ठिबकच्या कामासाठी गुडघ्याच्या पॅडची संपूर्ण माहिती

फरशी बसवणारा मिस्त्री, रोपवाटिकेत रोपं लावणाऱ्या बाया, ठिबकच्या नळ्या जोडणारा शेतकरी, नळफिटिंग करणारा प्लंबर. या सगळ्यांची कामं वेगवेगळी असली तरी दिवसातले कित्येक तास गुडघा जमिनीला टेकलेला असतो. खाली कधी कोबा असतो, कधी खडी, तर कधी तुरीचं धसकट. गुडघा दुखला की तात्पुरतं गोणपाट घडी करून खाली घेतलं जातं, आणि दुखणं फारच वाढलं की मग कुणीतरी सांगतं, "नी पॅड घे." दुकानात गेल्यावर मात्र दहा प्रकार समोर येतात. हात लावून जो जास्त मऊ वाटतो तो घेतला जातो आणि महिन्याभरात तो चपटा होऊन ट्रॉलीच्या कोपऱ्यात पडतो.

पॅड कामाला येतो की वाया जातो, हे बहुतेक दोन गोष्टींवर ठरतं: काम करणारा बसतो कसा आणि त्याच्या गुडघ्याखाली जमीन कुठली आहे. बाकी सगळं त्यानंतर.

गुडघ्याला नेमकं होतं काय?

गुडघ्याच्या वाटीसमोर, कातडीच्या खाली एक पातळ, चपटी पिशवी असते. कातडी हाडावर सहज सरकावी म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. रोज तासनतास तिच्यावर दाब आणि घर्षण झालं की ती सुजते, आत पाणी भरतं आणि वाटीवर लिंबाएवढा, कधी त्याहून मोठा फुगा दिसू लागतो. डॉक्टर याला बर्सायटिस म्हणतात. पूर्वी गुडघे टेकून फरशी पुसणाऱ्या मोलकरणींमध्ये हा त्रास जास्त दिसायचा, म्हणून इंग्रजीत याला 'मोलकरणीचा गुडघा' असंच नाव पडलं आहे.

दुसरा धोका बारीक जखमांचा. खडीचा कच, बाभळीचा काटा, काचेचा तुकडा कातडीत घुसतो, त्यातून जंतू आत जातात आणि त्या पिशवीत पू होऊ शकतो. मधुमेह असलेल्यांना हा धोका जास्त असतो.

चांगला पॅड या दोन्ही त्रासांपासून वाचवतो. पण सांध्याची झीज, आतली गादी फाटणं, वयामुळे येणारा संधिवात यांवर पॅड हा उपाय नाही. गुडघा जितका जास्त वेळ पूर्ण दुमडलेला, तितका सांध्यावर ताण पडतोच, मग खाली पॅड असो की गादी.

नी पॅड वेगळा, नी कॅप वेगळी

इथे बऱ्याच जणांची फसगत होते. मेडिकल दुकानात 'गुडघ्याचा पट्टा' मागितला की जी मोज्यासारखी ताणणारी नळी मिळते, ती नी कॅप. ती सांध्याला आधार द्यायला असते. तिच्यात पुढे जाड थर नसतो, त्यामुळे ती घालून खडीवर टेकलं तर काहीच फायदा नाही.

मोटारसायकलवाल्यांचे आणि स्केटिंगचे नी गार्डही वेगळे. ते पडल्यावर लागणारा मार सोसायला बनवलेले असतात. त्यांची टोपी गोलसर असते, तिच्यावर तासभर टेकून बसलं तर गुडघा डुगडुगतो. व्हॉलीबॉलचे पॅड मऊ असतात, पण मातीत लवकर फाटतात.

टेकून काम करायचं असेल तर हार्डवेअर किंवा सेफ्टी साहित्याच्या दुकानात 'फरशीवाल्यांचा नी पॅड' मागावा. मोबाइलवरून मागवताना गाडीवाल्यांचे गार्डही त्याच यादीत दिसतात, म्हणून वर्णनात 'टाइल्स', 'फ्लोअरिंग', 'बागकाम' असे शब्द आहेत का ते वाचावं आणि परत करण्याची सोय आहे का ते बघूनच ऑर्डर द्यावी.

आधी बैठक ओळखा

उकिडवं बसून काम: आपल्याकडे खुरपणी बहुतेक अशीच होते. यात गुडघा जमिनीला लागतच नाही, त्यामुळे पॅडचा उपयोग शून्य. उलट गुडघ्यामागे जाड पट्टा आल्याने रग लागते. अशा कामाला बुटका पाट किंवा चार-सहा इंच उंचीचं स्टूल जास्त कामाचं. शक्य तिथे लांब दांड्याचं खुरपं किंवा सायकल कोळपं वापरलं तर उभ्याने काम होतं.

एक गुडघा टेकून काम: ठिबकच्या नळ्या जोडणं, पंप खोलणं, मल्चिंग पेपरवर रोप लावणं. यात बहुधा एकच गुडघा जास्त झिजतो. कोणता, ते कळायला जुनी पँट बघावी. ज्या बाजूचा कपडा आधी विरला तो. पॅड एकाच गुडघ्याला लावला तरी चालतो, मात्र मधूनमधून गुडघा बदलावा.

दोन्ही गुडघे टेकून काम: फरशी, ग्राउट भरणं, गादीवाफ्यावरची लागवड. पॅडची खरी गरज इथेच.

पॅडचे चार प्रकार

१. पट्ट्याने बांधायचे: सगळ्यात जास्त मिळणारे. सतत जागा बदलत, चालत काम असेल तर हेच बरे.

२. पँटच्या खिशात घालायचे: कामाच्या पँटला गुडघ्यावर खिसा असतो, त्यात पॅड सरकवतात. मागे पट्टा नसल्याने काचत नाही. आपल्याकडे अशा पँट कमी मिळतात, पण शिंप्याकडून जुन्या जीन्सला खिसे लावून घेता येतात.

३. खाली टाकायची गादी: अंगाला काही बांधायचं नाही. एका जागी जास्त वेळ बसायचं असेल किंवा साडी नेसून काम करायचं असेल तर ही सोयीची.

४. दांड्यांची चौकट असलेली टेकणी: दोन्ही बाजूंना धरायला दांडे असतात, त्यांचा आधार घेऊन उठता येतं. वय झालेल्यांना, कंबर धरणाऱ्यांना घरच्या परसबागेत उपयोगी. मोठ्या शेतात उचलून फिरवायला मात्र अडचणीची.

जमीन तशी टोपी

पॅडच्या बाहेरच्या, जमिनीला लागणाऱ्या भागाला टोपी किंवा कवच म्हणता येईल.

गुळगुळीत फरशी: कडक प्लास्टिकची टोपी नवीन टाइल्सवर घसरते आणि खाली वाळूचा कण अडकला तर पॉलिशवर ओरखडा पाडते. इथे मऊ रबराची किंवा फोमची रुंद, सपाट टोपी घ्यावी. ती घसरत नाही.

कोबा, स्लॅब, खडी: इथे कडक टोपी हवी. खडीचं टोक मऊ फोमला दाबून थेट वाटीपर्यंत लागतं. टोपी पुढून सपाट असावी. फुगीर असेल तर तोल जातो.

काळी चिकण माती: वाफसा नसलेल्या रानात टोपीला मातीचा गोळा चिकटतो. खोल नक्षी असलेली टोपी टाळावी. गुळगुळीत रबराची माती पटकन झटकली जाते. इथे पाणी न पिणारा फोम असणं सर्वात महत्त्वाचं.

मुरमाड, दगडगोट्याचं रान: जाड रबर किंवा लवचीक प्लास्टिकची टोपी आणि आत जाड फोम.

धसकटाचं रान, काटेरी बांध: तुरीचं, कपाशीचं, बाजरीचं धसकट किंवा बाभळीचा काटा नुसत्या फोममधून आरपार जातो. कडक टोपी नसेल तर अशा ठिकाणी टेकूच नये. काटा लागलाच तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून आरोग्य केंद्रात जावं.

आत काय भरलंय?

ईव्हीए फोम: चपलेच्या तळव्यात वापरतात तोच. हलका, पाणी शोषत नाही, धुवायला सोपा. शेतीकामाला हाच बरा. बोटाने दाबल्यावर लगेच वर यायला हवा.

साधा स्पंज: हाताला सगळ्यात मऊ लागतो आणि सगळ्यात लवकर बसतो. पाणी, घाम, चिखल सगळं पितो. ओल्या रानात तर घेऊच नये.

मेमरी फोम: हळूहळू दबतो आणि गुडघ्याचा आकार घेतो. चांगल्या प्रतीचा असेल तर आराम देतो, पण एकट्यावर भागत नाही. त्याच्याखाली घट्ट फोमचा दुसरा थर हवा.

जेल: दाब सगळीकडे सारखा पसरवतो. दिवसभर फरशीवर टेकणाऱ्याला चांगला. वजनाने मात्र जड, आणि पिशवी फुटली की पॅड संपला.

निओप्रीन: पाणबुड्यांच्या पोशाखाचं कापड. ताणतं, अंगाला बसतं, पण हवा खेळत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात आत घामाचं पाणी होतं. उन्हाळ्यात काम करणाऱ्याने मागची बाजू मोकळी असलेला पॅड घ्यावा.

जाडीपेक्षा घट्टपणा बघावा. एक इंच जाडीचा भुसभुशीत स्पंज दबून कागद होतो, त्यापेक्षा अर्ध्या इंचाचा घट्ट ईव्हीए जास्त वाचवतो.

पट्टा: पॅड टाकून देण्याचं सगळ्यात मोठं कारण

पॅड सरकतो किंवा काचतो, म्हणूनच तो बहुतेक वेळा बाजूला पडतो. एकच पट्टा असलेला पॅड चालताना खाली घसरतो. दोन पट्टे हवेत, एक गुडघ्याच्या वर आणि एक खाली. ऐन खोबणीत, म्हणजे गुडघा दुमडतो त्या मागच्या घडीत पट्टा येऊ नये. पट्टा रुंद आणि ताणणारा असावा.

वेल्क्रो वापरायला सोपं, पण शेतात त्यात गोखरू, कुसळं आणि माती भरते आणि पकड जाते. शेतीसाठी क्लिपचा किंवा बकलचा पट्टा जास्त टिकतो. वेल्क्रोच घेतलं असेल तर जुन्या दातब्रशने साफ करत राहावं.

घट्टपणाबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, हाडाचा एक गोळा हाताला लागतो. त्याला वळसा घालून पायाची एक महत्त्वाची नस कातडीच्या अगदी जवळून जाते. तिच्यावर पट्टा जास्त वेळ आवळून राहिला तर नडगीच्या बाहेरच्या अंगाला आणि पावलावर मुंग्या येतात. दाब वाढत गेला तर पंजा वर उचलत नाही आणि चालताना चप्पल जमिनीला घासते. तासनतास उकिडवं बसूनही हेच होऊ शकतं. स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांमध्ये हा त्रास दिसल्याने इंग्रजीत त्याला त्यांच्याच कामाचं नाव मिळालं आहे. महाबळेश्वर-पाचगणीकडे स्ट्रॉबेरी तोडणाऱ्यांनी आणि इकडे खुरपणी करणाऱ्यांनीही मुंग्या आल्या की लगेच उठून पाय मोकळे करावेत. बांधलेल्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

दुकानात पाच मिनिटांची तपासणी

- पॅड बांधून गुडघ्यावर टेका. शक्य असेल तर खाली हरभऱ्याचे चार दाणे ठेवा. दोन मिनिटांत दाणे टोचले तर तो पॅड खडीवर चालणार नाही.
- टेकल्यावर वजन नुसतं वाटीवर पडत नाही. वाटीच्या खालचा भाग आणि नडगीचा वरचा उंचवटा यांवरही पडतं. त्यामुळे पॅड लांबीला पुरेसा असावा आणि वाटीच्या खालीही तीन-चार बोटं पोचावा.
- उठा, दहा पावलं चाला, पुन्हा टेका. पॅड जागेवर राहिला का?
- दुमडून उकिडवं बसून बघा. मागे काचतंय का?
- पट्टा जिथे शिवला किंवा रिव्हेट केला आहे ती जागा जोरात ओढा. पॅड आधी तिथेच तुटतो.
- रोज ज्या कपड्यावर काम करायचं, तोच कपडा घालून दुकानात जा. जीन्सवरचं माप आणि पातळ पायजम्यावरचं माप वेगळं येतं.

लेबलवर काय वाचावं?

कामासाठी गुडघे टेकणाऱ्यांच्या पॅडसाठी युरोपात 'ईएन १४४०४' नावाचं मानक आहे. चांगल्या कंपन्यांच्या पॅडवर तो आकडा छापलेला असतो. वर दिलेले चार प्रकार त्याच मानकातले आहेत. त्याच्यासोबत ०, १ किंवा २ असा दर्जा लिहिलेला असतो. ० म्हणजे फक्त सपाट जागेसाठी, टोचण्यापासून संरक्षण नाही. १ म्हणजे सपाट किंवा थोड्या खडबडीत जागेसाठी. टोकदार वस्तूचा साधारण १० किलो वजनाइतका दाब सोसणारा. २ म्हणजे खाणीतल्या फुटक्या दगडांसारख्या अवघड जागेसाठी. साधारण २५ किलोइतका दाब सोसणारा. घरातल्या फरशीला ० चालतो, शेताला आणि खडीला १ तरी हवा. साध्या दुकानातल्या पॅडवर असा आकडा नसेल तर वरची दाण्यांची परीक्षा करावी.

स्वस्त कोणता? हिशोब दिवसाचा करा

समजा, ३०० रुपयांची जोडी ५० दिवस टिकली, तर दिवसाला ६ रुपये पडले. ८०० रुपयांची जोडी २५० दिवस चालली, तर दिवसाला ३ रुपये २० पैसे. रोज टेकणाऱ्या मिस्त्रीला महागडी जोडीच स्वस्त पडते. वर्षातून पंधरा दिवस ठिबक जोडणाऱ्याने मात्र साधा ईव्हीए पॅड घ्यावा, जास्त पैसे घालायची गरज नाही. सुजलेल्या गुडघ्यामुळे आठ दिवस रोज बुडाला तर तो आकडा या हिशोबात नाही, तो ज्याचा त्याने मांडावा.

साडीवर पॅड बसत नाही, मग काय?

बाजारातले पॅड पँट डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. साडीवर बांधले तर घसरतात आणि चालताना अडखळायला होतं. साडीच्या आतून लेगिन्स किंवा ट्रॅक पँट घालून त्यावर मऊ, पातळ पॅड बांधता येतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे खाली टाकायची गादी. दोन्ही गुडघे बसतील एवढी रुंद गादी घेऊन तिला हातभर सुतळी बांधावी. पुढे सरकताना सुतळी ओढली की गादी मागोमाग येते, हात मातीतून काढून दरवेळी उचलावी लागत नाही.

घरी करायचा झाला तर

लहान मुलांसाठी जमिनीवर जोडून टाकतात त्या रंगीत चटया ईव्हीएच्याच असतात. त्यांचे दोन-तीन थर गुडघ्याच्या मापाने कापून एकमेकांना चिकटवावेत. खालच्या बाजूला मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा लावावा, म्हणजे काटा-कच अडतो आणि पाणी आत जात नाही. शिंप्याकडून जुन्या पँटला गुडघ्यावर, वरून उघडा खिसा शिवून घ्यावा आणि पॅड त्यात सरकवावा. कपडा धुताना तो काढून ठेवता येतो. दाराला, नळीला बांधतात ती बारीक सुतळी गुडघ्यामागे कधीच बांधू नये, ती नसेवर काचते.

ओल्या सिमेंटपासून सावध

बांधकामावरच्या लोकांसाठी ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ओलं सिमेंट कातडी जाळतं. लगेच आग होत नाही, त्यामुळे कळत नाही. काही तासांनी कातडी लाल होते, सोलते, खोल जखम होते. स्पंजच्या पॅडने सिमेंटचं पाणी शोषलं तर तोच पॅड दिवसभर ते पाणी गुडघ्याला चिकटवून ठेवतो. म्हणजे वाचवायला घातलेली वस्तूच जाळते. काँक्रीट आणि मसाल्याच्या कामाला पाणी न शिरणारा पॅडच वापरावा. आत ओल जाणवली की लगेच काढून, गुडघा भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा आणि भिजलेली पँटही बदलावी. कातडीचा रंग बदलला तर तेल-हळद न लावता डॉक्टरांकडे जावं.

निगा आणि बदलण्याची वेळ

- रोज संध्याकाळी पुसून घ्यावा, आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुवून सावलीत वाळवावा. पत्र्यावर किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर टाकला तर ईव्हीए उन्हाने आकसतो आणि कडक होतो.
- फवारणी झालेल्या रानात वापरलेला पॅड घरच्या कपड्यांत मिसळू नये, वेगळा धुवावा.
- जेवणाच्या सुट्टीत पॅड काढून गुडघ्याला हवा लागू द्यावी. घामाने गजकर्ण, पुरळ होतं.
- एकाचा पॅड दुसऱ्याने वापरू नये.
- फोम दाबल्यावर वर येत नाही, टोपीला तडा गेला, किंवा टेकल्यावर खालचा खडा जाणवायला लागला, की पॅड बदलावा.

डॉक्टरकडे कधी?

गुडघ्यावर फुगा आला पण दुखत नाही, तर आधी टेकणं बंद करून विश्रांती द्यावी, थंड पाण्याची घडी ठेवावी. चार-आठ दिवसांत उतरला नाही तर दाखवावं. गुडघा लाल झाला, गरम लागतो, ताप आला, ठणका बसला, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जावं. घरी सुई टोचून पाणी काढणं, चोळून बसवणं हे करू नये. त्याने जंतू आत जातात. पंजा उचलत नसेल तरही थांबू नये.

मालकाने आणि ठेकेदाराने काय करावं?

वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. फरशीचं काम करणारेही त्यात येतात. शेतमजुरांना मात्र पॅड मालकच आणून देईल तर मिळेल. दहा बायांच्या टोळीला दहा गाद्या घरी करायला एक दुपार पुरते. आणि पॅड असो वा नसो, अर्ध्या-पाऊण तासाने सगळ्यांनी उठून चार पावलं चालायची मोकळीक ठेवावी. फरशीच्या कामावरही टाइल्स कापणं, मसाला कालवणं आणि बसवणं ही कामं आलटून पालटून केली तर एकाच माणसाचा गुडघा दिवसभर जमिनीला राहत नाही.